'एक' म्हणजे 'आणि'

मॉरिशसच्या क्रेओल भाषेत 'एक' म्हणजे 'आणि'. हे मला कात्र बोर्नच्या भाजीबाजारात कळलं. "पोमदामुर एक ब्रेद?" असं भाजीवालीनं विचारलं तेव्हा माझ्या मराठी कानांना त्यात मोजणी ऐकू आली. ती विचारत होती, टोमॅटो आणि पालेभाजी, दोन्ही देऊ ना? पुढे दोन वर्षं हा शब्द रोज ऐकला, तरी मन क्षणभर तिथे थबकायचंच. आपल्याकडे जो शब्द उच्चारला की दुसऱ्याला जागा उरत नाही, तोच शब्द तिथे दुसऱ्याला शेजारी आणून बसवतो.

2023 साली नवऱ्याला तिथल्या कापड गिरणीत काम मिळालं आणि आम्ही इचलकरंजीहून थेट हिंदी महासागरातल्या त्या बेटावर गेलो. माझं माहेर लांज्याचं. कात्र बोर्नमध्ये ज्यांच्या माडीवर आम्ही भाड्यानं राहिलो ते कुटुंब मराठी निघालं. घरमालक साठी ओलांडलेले, शाळेतून शिक्षक म्हणून निवृत्त झालेले. मी त्यांना काका म्हणू लागले. त्यांचे पूर्वज उसाच्या मळ्यात राबायला मुंबई बंदरातून आले. जुन्या कागदावर गावाचं नाव आहे, पण लिहून घेणाऱ्या कारकुनानं ते कानाला लागलं तसं लिहिल्यामुळे आता कुणालाच लागत नाही. काकांनी तो कागद पहिल्याच आठवड्यात माझ्यापुढे ठेवला. रत्नागिरीकडची बाई आली आहे, तिला कदाचित वाचता येईल, अशी त्यांना आशा होती. मी ती अक्षरं पुन्हा पुन्हा म्हणून पाहिली. नाही लागलं.

काकांची मराठी सणावाराची. आरत्या, अभंग आणि झाकरी. झाकरी म्हणजे आपली जाखडी, लांज्यात गणपतीत घुंगरं बांधून गोलात नाचतात तीच. त्यांच्या तोंडून ती ऐकली तेव्हा मला काही सुचेना. रोजचा व्यवहार मात्र क्रेओलमध्ये. वर्तमानपत्र फ्रेंच, सरकारी कागद इंग्रजी. त्या बेटावर गणेश चतुर्थीची सार्वजनिक सुट्टी असते. तशीच ईदची, चिनी नववर्षाची, तमिळांच्या कावडीची, तेलुगूंच्या उगादीची, नाताळची. 1 फेब्रुवारीला गुलामगिरी संपल्याची सुट्टी; त्या गुलामांच्या वंशजांनाही तिथे क्रेओलच म्हणतात. 2 नोव्हेंबरला गिरमिटिये, म्हणजे करारावर आणलेले मजूर, आल्याची. आमच्या खिडकीतून कोर द गार्दचा डोंगर दिसायचा. त्याच्या उतारावर मुरुगनचं मंदिर आहे. पर्यटकांच्या माहितीपत्रकात हे सगळं फार सुंदर दिसतं. ते सुंदर आहेच. पण या सगळ्याचा मतदानाशी काय संबंध लागतो, हे मला त्या माडीवर राहूनच समजलं, कारण त्या एका घरात दोन माणसांची पहिली मतं माझ्या कानावर आली. एक 1976 चं, एक 2024 चं.

20 मे 1975 या दिवसाबद्दल काका बोलू लागले की त्यांचा आवाज बदलायचा. तेव्हा ते सतरा वर्षांचे होते. देश स्वतंत्र होऊन सात वर्षं झाली होती. तरी सरकारी माध्यमिक शाळा मोजक्या, आणि बहुतेक मुलं फी भरून खासगी शाळांत शिकत. तिथे शिक्षक कमी, साधनं कमी, पुस्तकं वसाहतीच्या काळातलीच. त्या दिवशी बेटभरच्या शाळांतली मुलं वर्ग सोडून पोर्ट लुईच्या दिशेनं चालू लागली. राजधानीच्या वेशीवर ग्रां रिव्हिएरचा पूल आहे. तिथे पोलिसांनी त्यांना अडवलं, अश्रुधूर सोडला. "डोळे चुरचुरत होते आणि शेजारी कोण आहे ते दिसत नव्हतं," काका म्हणाले. "कुणीतरी माझ्या हातात ओला रुमाल दिला. क्रेओल होता की मुसलमान होता की चिनी, मला आजही माहीत नाही."

त्याच वर्षी मतदानाचं वय 21 वरून 18 वर आलं. डिसेंबर 1976 मध्ये निवडणूक झाली आणि 1977 पासून माध्यमिक शिक्षण मोफत झालं. शाळकरी पोरांच्या एका दिवसाच्या चालण्यानं हे सगळं घडलं असं कुणी म्हणणार नाही, पण त्यांच्या चालण्याशिवाय ते इतक्या लवकर घडलं नसतं असं मला ठामपणे वाटतं. 1972 ची निवडणूक सरकारनं पुढे ढकलली होती, आणीबाणी लावली होती. 1976 ची ही स्वातंत्र्यानंतरची पहिलीच सार्वत्रिक निवडणूक. अठरा वर्षांच्या काकांनी मत दिलं ते पोल बेराँजे यांच्या पक्षाला. बेराँजे फ्रेंच वंशाचे. देव विरासामी आणि जुनीद जीरुबुरखान यांच्याबरोबर त्यांनी 1969 मध्ये हा पक्ष उभा केला. तीन नावं आणि तीन वेगळी घराणी. त्यांची घोषणा काकांना अजून पाठ आहे: 'एन सेल लेपेप, एन सेल नास्यों'. एकच जनता, एकच राष्ट्र. 70 पैकी 34 जागा मिळवून पक्ष सर्वांत मोठा ठरला. इतरांनी हातमिळवणी केली म्हणून सत्ता हुकली. काकांचे वडील मात्र त्या रात्री जेवले नाहीत. मुलानं 'आपल्या' लोकांना सोडून मत दिलं, याचं त्यांना दुःख झालं होतं.

हे 'आपले लोक' म्हणजे काय, ते तिथे राज्यघटनेतच लिहिलेलं आहे. चार समाज: हिंदू, मुस्लिम, चिनी-मॉरिशियन, आणि उरलेले सगळे 'सर्वसाधारण लोकसंख्या'. जो आपल्या जगण्याच्या रीतीवरून पहिल्या तिघांत बसत नाही तो चौथ्यात. क्रेओल, फ्रेंच वंशाचे, मिश्र घरातले, सगळे तिथे. निवडणुकीला उभं राहायचं तर अर्जावर आपला समाज लिहावा लागतो. बेटावर 20 मतदारसंघ, प्रत्येकात तीन जागा, आणि मतदारानं तीन फुल्या मारायच्याच. कमी-जास्त झाल्या तर मत बाद. रॉद्रिग बेटाच्या दोन धरून 62 जण निवडून येतात. मग मोजणी होते की कोणता समाज सभागृहात कमी पडला. हरलेल्यांतल्या सर्वांत जास्त मतं मिळवणाऱ्यांतून जास्तीत जास्त आठ जणांना घेऊन तो समतोल साधतात. याला तिथे 'बेस्ट लूझर' म्हणतात. आणि समाजांचं प्रमाण कोणत्या वर्षाचं? 1972 च्या जनगणनेचं. कारण त्यानंतर जनगणनेत हा प्रश्न विचारणंच बंद झालं. म्हणजे आज वीस वर्षांची असलेली मुलगी तिच्या जन्माच्या कितीतरी आधीच्या आकड्यांत मोजली जाते.

मराठी माणूस या हिशेबात 'हिंदू' या खोक्यात. पण पक्षांचा हिशेब घटनेपेक्षा बारीक चालतो. तमिळ किती, तेलुगू किती, मराठी किती, हिंदी भाषकांत कोणती जात कुठे भारी, हे सगळं बघून उमेदवारी ठरते. उमेदवारांची यादी लागली की काकांच्या ओळखीची माणसं ती फोनवर एकमेकांना वाचून दाखवायची: आपला एक आहे, की नाहीच? मला हे ऐकताना लांज्यात बसल्यासारखं वाटायचं. माझ्या पहिल्या मतदानाच्या सकाळी आजीनं माझ्या कपाळाला कुंकू लावलं होतं आणि सांगितलं होतं, "आपल्या माणसाला दे गो." आपला माणूस कोण, ते विचारायची गरजच नव्हती. आडनावच पुरेसं होतं. मी तसंच दिलं. त्या माणसानं पुढे काय केलं, हे बघायला मी कधी गेले नाही. आज याची मला खरीखुरी खंत आहे.

काकांची पुढची गोष्ट निराशेची. 1982 मध्ये त्यांच्या पक्षाच्या आघाडीनं मुख्य बेटावरच्या 60 पैकी 60 जागा जिंकल्या. ते रस्त्यावर नाचले. नऊ महिन्यांत सरकार फुटलं. अर्थधोरणावरून भांडण होतंच. पण मार्च 1983 मध्ये स्वातंत्र्यदिनी राष्ट्रगीत क्रेओलमध्ये प्रसारित झालं आणि त्यानंही आगीत तेल ओतलं. हिंदू घरांतून भीती उमटली: आता आमच्या भाषा जाणार. काकांच्या वडिलांनी मुलाला विचारलं, "तुमच्या त्या एकच राष्ट्रात आमची आरती कुठे बसवणार?" काकांकडे उत्तर नव्हतं. "तो प्रश्न खरा होता," ते मला म्हणाले. "आम्ही इतक्या जोरात 'एकच' म्हणत होतो, की आमच्या घरच्यांना त्यात आपलं पुसलं जाणं ऐकू आलं."

मला वाटतं, काकांच्या पिढीची चूक असलीच तर या एका शब्दात होती. हेतूत नव्हती.

काकांची नात रेद्युईच्या विद्यापीठात शिकते. मला मावशी म्हणायची. संध्याकाळी वर येऊन मराठीची उजळणी करायची. तिला शाळेत मराठी होती. तिकडे प्राथमिक शाळेत हिंदी, उर्दू, तमिळ, तेलुगू, मराठी, चिनी यांतली एक पूर्वजांची भाषा घेता येते, आणि 2012 पासून त्यांच्या शेजारी क्रेओलही आली. तिला मोडीचं वेड, झाकरीची गाणी वहीत उतरवायचं वेड. आणि हीच मुलगी अर्जावर समाज लिहिण्याच्या अटीविरुद्ध सगळ्यांत कडक बोलायची. काकांना सुरुवातीला यात विसंगती दिसायची. मलाही. एके दिवशी मी विचारलंच, "मराठी असल्याचा तुला इतका अभिमान, मग ते लिहायला का नको?"

"लिहायला मराठी कुठे आहे मावशी? तिथे फक्त हिंदू आहे," ती म्हणाली. "आणि असतं तरी नको. मी मराठी आहे म्हणून देवघरात बसते. माझ्या गल्लीत पाणी येत नाही म्हणून मत देते. दोन्ही कागद एकत्र का शिवायचे?"

तिच्या बोलण्यामागे एक छोटा पक्ष होता. त्याचं नाव 'रेझिस्तांस एक आल्तेर्नातिव्ह'. प्रतिकार आणि पर्याय. पुन्हा तोच 'एक'. 2005 मध्ये त्यांच्या उमेदवारांनी अर्जावरचा समाजाचा रकाना भरायला नकार दिला आणि प्रकरण न्यायालयात गेलं. 2010 च्या निवडणुकीतही असे अर्ज बाद झाले. दरम्यान ते संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीपर्यंत पोचले होते. 2012 मध्ये समितीनं म्हटलं की इतक्या जुन्या जनगणनेच्या आधारे उमेदवारांना समाज जाहीर करायला लावणं हा त्यांच्या हक्काचा भंग आहे. 2014 च्या निवडणुकीपुरती सरकारनं सूट दिली. रकाना रिकामा ठेवणाऱ्याला उभं राहता येई, पण त्या आठ जागांसाठी त्याचा विचार होत नसे. 2019 मध्ये सूट संपली आणि अर्ज पुन्हा बाद. हा पक्ष कधी मोठा नव्हता. तरी नातीच्या वर्गातल्या मुलांना त्याची गोष्ट ठाऊक होती. नकार देऊन घरी बसावं लागलं आणि तरी पुढच्या वेळी पुन्हा नकारच दिला, याचं त्यांना अप्रूप होतं.

हा सगळा वाद सरळ असता तर किती बरं झालं असतं. आमच्या गल्लीच्या टोकाला औषधाचं दुकान होतं. दुकानदार मुस्लिम, काकांचे बालमित्र. ते नातीला शांतपणे सांगायचे, "बाळा, तुझ्या समाजाला हा रकाना गेला तरी काही होणार नाही. तुम्ही निवडून येणारच. आमच्या बापजाद्यांनी भांडून ही हमी मिळवली." ते खरंच होतं. स्वातंत्र्याच्या आधी, 1965-66 मध्ये, हिंदू बहुमताखाली आपण बुडू या भीतीनं मुस्लिम नेत्यांनी ही मागणी लावून धरली होती. आणि भीती हवेत नव्हती. जानेवारी 1968 मध्ये, स्वातंत्र्याला जेमतेम दोन महिने उरले असताना, पोर्ट लुईत क्रेओल आणि मुस्लिम वस्त्यांत दंगली झाल्या. ब्रिटिश सैनिक बोलवावे लागले. फेब्रुवारी 1999 मध्ये काया हा लोकप्रिय क्रेओल गायक पोलीस कोठडीत मेला आणि बेट काही दिवस पेटलं. ज्यांनी आगी पाहिल्या आहेत ते हमी सहज सोडत नाहीत. नात हे ऐकून गप्प बसायची. ती गप्प बसायची म्हणून मला तिचा अधिक विश्वास वाटायचा.

2024 चा ऑक्टोबर आला. 'मिसी मुस्तास' म्हणजे मिशीवाले साहेब, अशा नावानं कुणीतरी समाजमाध्यमांवर चोरून टेप केलेली फोन संभाषणं टाकू लागलं. राजकारणी, पत्रकार, वकील, अनेकांचे आवाज त्यात. सगळं बेट रात्री कान लावून बसायचं. 31 तारखेला दिवाळी होती. आम्ही खाली काकांच्या अंगणात पणत्या लावल्या, नातीच्या मैत्रिणी आल्या, त्यांत एक क्रेओल, एक मुस्लिम, एक चिनी. सगळ्यांनी डाळपुरी आणि करंज्या खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी बातमी आली की मतदानाच्या दुसऱ्या दिवसापर्यंत, 11 नोव्हेंबरपर्यंत, समाजमाध्यमं बंद. नात जिना चढून वर आली. रागापेक्षा तिच्या चेहऱ्यावर धक्का होता. या मुलांच्या आयुष्यात त्यांच्या तोंडावर कुणी असा हात ठेवला नव्हता. "आजोबांच्या वेळी अश्रुधूर होता, आमच्या वेळी हे," ती म्हणाली. इतका गदारोळ झाला की एक-दोन दिवसांत हुकूम मागे घ्यावा लागला. पण ज्या मुलांनी मतदानाचा विचारही केला नव्हता त्यांचा विचार तोपर्यंत झाला होता.

रविवारी, 10 नोव्हेंबरला, आजोबा आणि नात एकाच शाळेत मत द्यायला गेले. मी फाटकापर्यंत बरोबर होते. राष्ट्रकुलातल्या नागरिकालाही तिथे दोन वर्षं राहिल्यावर मत देता येतं. माझी दोन वर्षं भरली नव्हती. मी समोरच्या झाडाखाली उभी राहिले. रांगेत ती पुढे, ते मागे.

निकाल सोमवारी. विरोधकांच्या आघाडीनं पुन्हा 60 पैकी 60. 1982, 1995 आणि आता 2024. पंतप्रधान प्रविंद जगन्नाथ स्वतःच्या मतदारसंघातही हरले. रस्त्यावर झेंडे, गाड्यांचे भोंगे. टीव्हीवर जिंकलेल्यांचे चेहरे आले आणि नात एकदम शांत झाली. नवे पंतप्रधान नवीन रामगुलाम, 77 वर्षांचे. उपपंतप्रधान पोल बेराँजे, 79 वर्षांचे. काकांनी अठराव्या वर्षी ज्यांना मत दिलं, तेच. "म्हणजे मी तुमचंच मत दिलं," ती म्हणाली. त्यात हार होती, प्रेमही होतं. काका काही बोलले नाहीत. थोड्या दिवसांनी मंत्रिमंडळ जाहीर झालं आणि त्यात अशोक सुब्रोन यांचं नाव होतं. रकाना भरायला नकार देणाऱ्या त्या छोट्या पक्षाचे नेते, याच आघाडीतून निवडून आलेले. त्या दिवशी ती माझ्या स्वयंपाकघरात येऊन नुसती उभी राहिली. डोळे भरले होते.

तरी तिला मुळापासून अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळीच घडली. 60-0 झाल्यावर मुख्य बेटावरून विरोधी बाकावर बसायला कुणीच नव्हतं. जे बसले, विरोधी पक्षनेत्यासह, ते त्या 'बेस्ट लूझर'च्या दारातून आत आले. ज्या तरतुदीला ती जुनाट म्हणायची, तिच्यामुळेच सरकारला प्रश्न विचारणारे आवाज सभागृहात पोचले. औषधाच्या दुकानात तिनं हे स्वतःहून कबूल केलं. दुकानदारांनी तिला खडीसाखर दिली आणि म्हणाले, "दारं हवीत, हे तरी पटलं ना? मग त्यांच्यावर नावं कोणती रंगवायची यावर बोलू." त्यानंतर कित्येक शनिवार ते दोघं गल्ल्यापाशी उभे राहून यावर बोलताना मी पाहिले. तिची कल्पना अशी की हरलेल्या पक्षांना मिळालेल्या मतांच्या प्रमाणात जागा द्याव्यात, समाजाच्या प्रमाणात नकोत. त्यांचं म्हणणं, पक्ष आमच्या लोकांना यादीत खाली ढकलतील. दोघांचंही मला पटायचं. तरी माझं मन तिच्याकडे झुकतं, कारण तिचं उत्तर चुकलं तर पुढच्या निवडणुकीत ते बदलता येईल. 1972 चा आकडा मात्र पन्नास वर्षांत कुणाला बदलता आलेला नाही.

2025 चा गणपती आमचा तिथला शेवटचा. विसर्जनाला सगळे फ्लिक आं फ्लाकच्या किनाऱ्यावर गेलो. झाकरीचा गोल धरला, काका मधोमध ढोलकी घेऊन. नातीची क्रेओल मैत्रीण आपलं रावान घेऊन आली होती, सेगा नाचात वाजवतात तो बकऱ्याच्या कातड्याचा रुंद डफ. जुनी दोन गाणी झाली. मग नातीनं आपलं गाणं उचललं. गणपतीचं नमन मराठीत, आणि पुढची कडवी क्रेओलमध्ये: ऊस, पूल, ओला रुमाल. काकांना हे आधी माहीत नव्हतं. रुमालाची ओळ आली तेव्हा त्यांचा हात एक ठोका चुकला, रावाननं तो सांभाळला, आणि गोल फिरत राहिला.

परतताना बसमध्ये ते दोघं माझ्या पुढच्या बाकावर होते. दुसऱ्या कडव्यात एक मात्रा जास्त झाली आहे, असं काका सांगत होते. ती बोटांवर मोजत होती.